पाटीची पेन्सिल आणि दगडाची धूळ

प्राथमिक शाळेत प्रथमच पाऊल टाकणाऱ्या बालकाच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या जे पहिले साहित्य आले ते म्हणजे पाटी आणि पेन्सिल. आता अनेक शाळांतून वह्यांनी पाटीची जागा घेतली आहे; तरीही पाटीवर श्रीगणेशा गिरविणारे मूल आजही दृष्टीस पडते. ही पेन्सिल म्हणजे दगडाचीच एक बारीक कांडी होय. खाणीतून निघालेला ओबडधोबड दगड इतक्या सारख्या कांड्यांच्या रूपाने दुकानात येतो, तो कोणाच्या तरी हातांनी चिरला गेलेला असतो. ते हात कोणाचे, आणि दगड चिरताना उडालेली धूळ गेली कोठे, हे प्रश्न मात्र सहसा विचारले जात नाहीत. ती धूळ कोठे गेली हे समजून घेणे शिक्षकांना अगत्याचे आहे. कारण ज्यांचे पालक दगड फोडतात, घडवितात, चिरतात किंवा दळतात अशी मुले कोणत्याही गावच्या शाळेत असू शकतात.

मध्य प्रदेशातील मंदसौर हे पाटीच्या पेन्सिलींच्या उत्पादनाचे देशातील एक प्रमुख केंद्र म्हणून प्रसिद्ध झाले. मंदसौर शहरात व जवळच्या मुलतानपुरा या गावात लहान लहान छपऱ्यांतून हा धंदा वाढला. पाटीच्या दगडाचे तुकडे विजेवर फिरणाऱ्या चक्राकार करवतीवर धरावयाचे, त्यांच्या पट्ट्या पाडावयाच्या आणि पट्ट्यांच्या कांड्या करावयाच्या, असे हे काम. करवत दगडाला लागताच कामगाराच्या तोंडासमोरच धुळीचा लोट उसळतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी तेथील सुमारे ६०० कामगारांची तपासणी केली व तिचे निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिक कामगारांच्या फुप्फुसांत सिलिकोसिस या रोगाच्या खुणा क्ष-किरण चित्रांत आढळल्या. त्यापूर्वीच, १९८२ साली, मध्य प्रदेश राज्याला या कामगारांसाठी स्वतंत्र कल्याण निधीचा कायदा करावा लागला होता. मुलतानपुऱ्यातील अनेक घरांचे कर्ते पुरुष ऐन उमेदीत गेले. उडालेली धूळ कोठे गेली याचे उत्तर त्या क्ष-किरण चित्रांत होते.

सिलिका म्हणजे काय?

सिलिका हे सिलिकॉन व ऑक्सिजन या दोन मूलद्रव्यांचे संयुग होय. गारगोटी हे तिचे सर्वांच्या परिचयाचे स्फटिकरूप. नदीची वाळू, वालुकाश्म, ग्रॅनाइट, पाटीचा दगड या सर्वांत ती कमी-अधिक प्रमाणात असते. महाराष्ट्राच्या पठारावरील काळ्या पाषाणात गारगोटीचा अंश ग्रॅनाइट वा वालुकाश्म यांच्या मानाने पुष्कळच कमी आहे; परंतु कमी म्हणजे निर्धोक असे समजणे चुकीचे ठरेल. शिवाय विदर्भाच्या काही भागांत ग्रॅनाइटसारखे गारगोटीयुक्त खडक आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कासार्ड्याच्या परिसरात सिलिका वाळू काढली जाते, आणि कोल्हापूरसारख्या ठिकाणच्या ओतकामाच्या कारखान्यांत साचे वाळूचेच घडविले जातात. म्हणजे हा विषय केवळ परप्रांताचा नव्हे.

रोगही नवा नव्हे. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात पाथरवटांच्या छातीच्या विकारांची दखल आहे. ‘सिलिकोसिस’ हे नाव गारगोटीच्या जातीच्या दगडाला असलेल्या लॅटिन शब्दावरून एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. भारतात कोलार येथील सोन्याच्या खाणींतील कामगारांत हा रोग मोठ्या प्रमाणावर असल्याचे १९४० च्या दशकातील तपासण्यांनी दाखवून दिले.

श्वासमार्गावरील तीन राखणदार

येथे शिक्षकांच्या मनात एक रास्त शंका येईल. खेड्यातील माणूस जन्मभर धुळीतच वावरतो. शेतात धूळ, रस्त्यावर धूळ, खळ्यावर धूळ. मग दगडाचीच धूळ इतकी घातक का ठरावी?

निसर्गाने श्वासमार्गावर तीन राखणदार ठेविले आहेत. पहिला नाक, त्यातील केस व ओलावा मोठे कण अडवितात. दुसरा श्वासनलिकांचे अस्तर. त्यावर चिकट द्रव असतो आणि अतिसूक्ष्म लव अखंड हालत असते. कण द्रवात अडकतात, लव त्यांना झाडूप्रमाणे वर लोटते, आणि ते खोकल्यावाटे बाहेर पडतात किंवा गिळले जातात. शेतातील व रस्त्यावरील जाडसर धुळीचा मोठा भाग या दोन ठिकाणीच अडतो.

तथापि दगड चिरताना उडणाऱ्या धुळीत असेही कण असतात की ज्यांचा व्यास मिलिमीटरच्या पाच सहस्रांशांहूनही कमी असतो. माणसाचा केस याच्या दहा ते वीसपट जाड असतो. असे कण डोळ्यांना दिसत नाहीत. ते लवकर खालीही बसत नाहीत; एक सहस्रांश मिलिमीटर व्यासाच्या कणाला स्थिर हवेत पुरुषभर उंचीवरून जमिनीवर येण्यास कित्येक तास लागतात. दिसणारी धूळ बसली आणि हवा स्वच्छ झाली असे कामगारास वाटते, तेव्हाही हे कण हवेत तरंगत असतात व श्वासाबरोबर थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. फुप्फुसांत असे इवलेसे वायुकोश कोट्यवधी असून त्यांच्या अतिशय पातळ भिंतींतूनच प्राणवायू रक्तात जातो. तेथे लव नाही. तेथे तिसरा राखणदार उभा असतो, तो म्हणजे भक्षकपेशी. खरा अनर्थ या राखणदाराच्या हातूनच घडतो.

काटा आणि दाह

बाभळीचा काटा पायात मोडल्याचा अनुभव खेड्यातील प्रत्येक मुलाला असतो. काही वेळाने ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. या चार लक्षणांनी युक्त अशा शरीराच्या प्रतिक्रियेला दाह म्हणतात. दाह हा मुळात रोग नव्हे, ते शरीराचे संरक्षण आहे. त्या जागी रक्ताचा पुरवठा वाढतो व भक्षकपेशी धावून येतात. काटा निघाला, घाण नष्ट झाली, की दाह ओसरतो आणि जखम भरून येते.

ही गोष्ट प्रथम स्पष्टपणे पाहणाऱ्या शास्त्रज्ञाने काट्याचाच उपयोग केला होता, हे वर्गात सांगण्याजोगे आहे. इल्या मेच्निकोव्ह हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ १८८२ साली सिसिलीतील मेस्सीना येथे राहात होते. त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचे काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिले. काट्याभोवती फिरत्या पेशींची गर्दी झाली होती. परक्या वस्तूला वेढून गिळणाऱ्या पेशी शरीराचे रक्षण करतात हा सिद्धान्त त्यांनी मांडला, आणि १९०८ साली त्यांना पॉल एरलिश यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

आता असा काटा कल्पावा की जो निघत नाही, कुजत नाही व विरघळत नाही. सिलिकेचा कण हा फुप्फुसातील तसा काटा होय.

न विझणारा दाह

वायुकोशातील भक्षकपेशी सिलिकेचा कण नेहमीप्रमाणे गिळते. गिळलेला पदार्थ पेशीच्या आत एका सूक्ष्म पिशवीत जातो व तेथे पाचक रस त्यावर तुटून पडतात. जंतू असेल तर तो बहुधा पचून जातो. सिलिका पचत नाही. उलट तिच्या पृष्ठभागाच्या संपर्काने त्या पिशवीचे आवरणच फाटते आणि पाचक रस पेशीच्या अंतर्भागात सांडतात. नुकत्याच फुटलेल्या दगडाचा ताजा पृष्ठभाग या बाबतीत अधिक उपद्रवी असतो. म्हणूनच करवतीखालची व दळणयंत्रातील धूळ विशेष घातक ठरते.

पिशवी फाटताच पेशीतील धोक्याची घंटा वाजते. ही घंटा म्हणजे काही प्रथिनांचा समूह असून त्याला ‘इन्फ्लमॅसोम’ असे नाव आहे. सिलिकेमुळे तो जागृत होतो हे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अनेक संशोधनांनी दाखविले. त्यामुळे पेशीतून ‘इंटरल्यूकिन-१ बीटा’ नावाचे द्रव्य बाहेर पडते. हे द्रव्य म्हणजे दाहाची हाकाटी होय. ती ऐकून नव्या पेशी धावून येतात. इकडे कण गिळलेली पेशी मरते, तिचे शरीर फुटते आणि आतला कण जसाच्या तसा बाहेर पडतो. नवी पेशी तोच कण गिळते, तीही मरते, आणि पुन्हा हाकाटी होते. अशा रीतीने एकच कण एकामागून एक पेशींचा बळी घेत राहतो.

या गडबडीत जखम भरून काढणाऱ्या पेशीही कामाला लागतात. त्या कोलॅजन नावाचे चिवट तंतू निर्माण करतात. पायाची जखम भरल्यावर जो कठीण वण राहतो तो याच तंतूंचा. फुप्फुसात कणांच्या समूहाभोवती हे तंतू कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे थरावर थर रचतात व लहान लहान गाठी बनतात. पुढे काही रोग्यांत गाठी एकमेकींत मिसळून मोठे घट्ट गोळे होतात. जेथे मऊ, लवचीक वायुकोश होते तेथे वण राहतो. वणाला श्वास घेता येत नाही.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येईल. या रोगात फुप्फुस दगडाने कापले जात नाही. ते शरीराच्या स्वतःच्याच न संपणाऱ्या दाहाने निकामी होते. म्हणूनच कामगाराने धंदा सोडल्यावरही रोग पुढे सरकू शकतो. नवी धूळ बंद झाली तरी जुने कण आत असतात. आणि म्हणूनच झालेला वण नाहीसा करील असे औषध आजही उपलब्ध नाही. वैद्यकीय उपचारांनी त्रास हलका करता येतो, जोडीचे विकार बरे करता येतात. गेलेले फुप्फुस मात्र परत मिळत नाही.

लक्षणे व क्षयाशी संबंध

धूळ मध्यम प्रमाणात असेल तर रोग प्रकट होण्यास दहा किंवा अधिक वर्षे लागतात. धूळ जास्त असेल तर पाच ते दहा वर्षे पुरतात, आणि अतिशय दाट धुळीत काही महिन्यांतही जीवघेणा विकार जडतो. आरंभी काहीच जाणवत नाही. पुढे चढण चढताना किंवा ओझे उचलताना धाप लागते, कोरडा खोकला सुरू होतो, वजन घटते, आणि शेवटी बसल्या जागीही श्वास पुरत नाही.

ही लक्षणे क्षयासारखी असल्याने अनेकदा रोग्यास केवळ क्षयरोगी समजले जाते. येथे दुहेरी सावधगिरी हवी. एक तर हा रोग क्षयाहून वेगळा असून तो संसर्गजन्य नाही. दुसरे असे की, सिलिकेने दुबळ्या झालेल्या भक्षकपेशी क्षयाच्या जंतूंना आवर घालू शकत नाहीत. त्यामुळे अशा कामगारास क्षय जडण्याचा धोका इतरांहून कितीतरी पटींनी अधिक असतो. क्षय झाल्यास त्यावरील उपचार पूर्ण केलेच पाहिजेत. शिवाय स्फटिकरूप सिलिकेची धूळ कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली जाहीर केले.

दाट धुळीचा परिणाम काय होतो, याचे उदाहरण मध्य प्रदेशातीलच आदिवासी भागात मिळते. अलीराजपूर, झाबुआ व धार या जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे गुजरातेत गोध्रा व बालासिनोर येथील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत मजुरीस गेली. मजूर गावी परतले ते धाप घेऊन. मृत्यू पावलेल्या २३८ मजुरांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये गुजरात राज्यास दिला. न्याय मिळाला, पण तो मृत्यूनंतर.

हा धोका केवळ गरीब देशांपुरता आहे असेही नाही. स्वयंपाकाच्या ओट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडाच्या कापकामाने तरुण कामगारांना हा रोग होऊ लागल्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्या दगडावर बंदी घातली.

काही समज व त्यांचे निरसन

खडूच्या धुळीने शिक्षकांस हा रोग होईल काय, असा प्रश्न स्वाभाविक आहे. फळ्यावरचा खडू जिप्समचा किंवा चुनखडीचा असतो. तो गारगोटीचा नव्हे. त्याची धूळ घशाला त्रास देते, दम्याच्या रोग्यास अपायही करील, म्हणून फळा ओल्या फडक्याने पुसणे चांगले. पण त्या धुळीने सिलिकोसिस होत नाही.

पाटीवर लिहिणाऱ्या मुलाविषयीही भीती बाळगण्याचे कारण नाही. लिहिताना निघणारी भुकटी अल्प व जाडसर असते. धोका पेन्सिलीने लिहिणाऱ्यास नसून ती चिरणाऱ्यास आहे. काही मुले पेन्सिल खातात. ती पोटात जाते, फुप्फुसात नव्हे. तथापि ही सवय रक्तातील लोहाच्या कमतरतेची खूण असू शकते, यास्तव अशा मुलास आरोग्य केंद्रात दाखवावे.

गूळ खाल्ल्याने छातीतील धूळ निघून जाते, अशी समजूत अनेक ठिकाणी आहे. गूळ अन्ननलिकेने पोटात जातो. वायुकोशांत रुतलेल्या कणांपर्यंत तो पोहोचत नाही. नाकातोंडावर उपरणे वा रुमाल बांधल्याने जाड धूळ अडते, पण घातक असे सूक्ष्म कण कापडाच्या विणीतून सहज पार होतात. या दोन्ही उपायांनी माणूस निर्धास्त होतो, आणि तोच मोठा धोका होय.

खरा उपाय

ज्या रोगाला औषध नाही, त्याचा प्रतिबंध हाच उपचार. धूळ उडूच न देणे हा त्याचा गाभा आहे. दगड कापताना वा फोडताना पाण्याची धार सोडावी. धूळ उठते तेथेच ती ओढून घेणारी यंत्रणा बसवावी. यंत्र शक्य तितके बंदिस्त करावे. कोरडी झाडलोट टाळून जमीन ओली करून साफ करावी. योग्य प्रकारचा मुखपट्टा वापरावा, परंतु तो या सर्वांच्या जोडीला, त्यांच्या ऐवजी नव्हे. कामाचे कपडे बदलूनच घरी यावे, म्हणजे धूळ लेकरांपर्यंत जाणार नाही. धूम्रपानाने फुप्फुसांची हानी वाढते, म्हणून ते सोडावे.

कायद्यानेही या रोगाची दखल घेतली आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिसची गणना शासनास कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांत केली. १९८६ च्या बालकामगार अधिनियमाखालील निषिद्ध कामांच्या यादीत पाटीच्या पेन्सिली बनविणे व बांधणे या कामांचा समावेश करण्यात आला. परंतु उघड्यावरील खाणीत किंवा चार माणसांच्या छपरीत कायद्याचा हात सहजी पोहोचत नाही. तेथे माहिती असलेला माणूस पोहोचणे अधिक महत्त्वाचे ठरते, आणि अनेक वस्त्यांवर असा माणूस म्हणजे शिक्षकच.

शिक्षकांनी काय करावे?

१. श्वसनाचा पाठ शिकविताना धुळीचा विषय अवश्य घ्यावा. काचेच्या दोन पेल्यांत पाणी घेऊन एकात जाड वाळू व दुसऱ्यात बारीक चिकणमाती ढवळावी. वाळू क्षणात तळाशी बसते. चिकणमातीचे पाणी तासाभरानेही गढूळच राहते. मोठे कण बसतात आणि बारीक तरंगत राहतात, हे मुलांना डोळ्यांनी दिसेल. नंतर वर्ग अंधारा करून कवडशात तरंगणारे कण दाखवावेत व त्याहूनही बारीक कण दिसत नाहीत हे सांगावे. मूल ही गोष्ट घरी सांगेल.

२. खाण, खडीयंत्र, पाथरवटकाम, ओतकाम किंवा दगडदळणाच्या कामावर जाणाऱ्या पालकांची माहिती असू द्यावी. पालकसभेत पाणी मारण्याचे महत्त्व व रुमालाची मर्यादा साध्या शब्दांत समजावून द्यावी.

३. अशा पालकास धाप वा दीर्घ खोकला असल्यास त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे आणि आपण कोणते काम किती वर्षे केले हे डॉक्टरांना प्रथम सांगण्यास बजावावे. हे एक वाक्य सांगितले न गेल्याने रोग ओळखला जात नाही. क्ष-किरण तपासणी व थुंकीची तपासणी दोन्ही करून घ्याव्यात. मजुरीचे हजेरीकार्ड, पगाराची चिठ्ठी असे कागद जपून ठेवण्यास सांगावे. नुकसानभरपाई मागताना त्यांचाच आधार लागतो.

४. वडील आजारी पडले की मोठ्या मुलाची शाळा सुटते आणि तो त्याच धुळीत वडिलांच्या जागी उभा राहतो. हजेरीपटावरील अशा गैरहजेरीकडे केवळ अनियमितपणा म्हणून पाहू नये. घरी जावे, कारण विचारावे, आणि मूल शाळेत टिकेल अशी खटपट करावी.

यांतील चौथे काम सर्वांत कठीण आहे. पण रोगाची परंपरा तुटावयाची असेल तर ती येथेच तुटेल. बापाच्या फुप्फुसातील दाह कोणासही विझविता येत नाही. मुलाच्या फुप्फुसात तो पेटू न देणे मात्र शक्य आहे, आणि त्या कामाचा आरंभ हजेरीपटावरील एका रिकाम्या चौकटीकडे वेळीच लक्ष जाण्याने होतो.